रामटेकेच्या क्वार्टरातले कापगते

१२ जानेवारी, रविवार

थंडी. गुडघा बरा आहे. सकाळी दोन पोळ्या अन् सोल्यांची भाजी.

स्कूटर काढून आमच्या हुडको कॉलनीतून सेक्टर ६ ले गेलो. रिटायर लोकांच्या एका समितीनं तिथलं एक जुनं क्वार्टर जसंच्या तसं ठेवलं आहे. स्टील प्लांटाचे पहिले कामगार कसे राहत ते आताच्या लोकांनी पाहावं, असं त्यांचं म्हणणं. गुरुवारी अन् रविवारी उघडं असते. पेपरात सडक अन् क्वार्टर नंबर वाचला तेव्हाच समजलं होतं, हे आमचंच. महिनाभर टाळलं. आज कावून गेलो ते माहीत नाही.

चुना नवा, दारं हिरवी. आमची हिरवी यापेक्षा काळपट होती. आत खाट, ट्रान्झिस्टर, पाण्याचा पितळी गुंड, कोळशाची शेगडी. शेगडी स्वयंपाकघरात मांडून ठेवली. अशी पेटवली असती तर धुरानं मेलो असतो. ती मागच्या अंगणात पेटवायची अन् लाल झाली की आत आणायची. खुशबू नावाची कॉलेजातली पोट्टी घर दाखवते, इथलीच, छत्तीसगढी. तिले सांगतलं तर तिनं वहीत लिहून घेतलं. आपको इतना कैसे पता, विचारलं. म्हटलं, असंच.

मंग आतल्या खोलीत गेलो. भिंतीभर एकच फोटो, माणसाएवढा. दाराच्या पायरीवर चौघं. एक माणूस, त्याच्या कडेवर लहान पोरगी, माणूस हसून राहिला. बाजूले बाई, डोक्यावर पदर. पुढं चड्डीतला पोट्टा, उन्हानं डोळे बारीक केलेले. खाली हिंदीत लिहिलं: श्री सदाशिव रामटेके, पत्नी और बच्चे.

पोट्टा मी आहो. पोरगी माही बहीण बेबी. बाई माही माय. अन् रामटेके काका आमचे नात्यानं कोणीच नव्हते.

खुशबू सांगत होती, हे सुखी कुटुंब इथं अकरा वर्षं राहिलं. मी मान हलवली अन् घरी आलो. छत्तीस वर्षं प्लांटात फिटर, फोरमनशी भांडलो, इंजिनिअरले सोडलं नाही, अन् आज एका पोट्टीसमोर तोंडातून शब्द निघाला नाही. स्वतःवरच राग आला. अजून उतरला नाही.

१३ जानेवारी, सोमवार

सु.ले सांगतलं. लग्नाले सदतीस वर्षं झाली, बायकोले हे माहीत नव्हतं. आमच्या घरी या गोष्टीवर कोणी बोलतच नव्हतं.

क्वार्टर रामटेके काकांच्या नावानं. ते परमनंट. बाबा ठेकेदाराकडं, म्हणजे क्वार्टरवर हक्क नाही. दोघंही भंडाऱ्याकडचे, एका बसनं आलेले. काकांची बायको गावी, म्हातारे सासू-सासरे अन् वावर सोडून येऊ शकत नव्हती. काकांनी पुढची खोली स्वतःले ठेवली, बाकीचं घर आमाले देल्लं. माय दोघांचेही डबे करे. नियमात हे बसत नव्हतं. कोणी सांगतलं असतं तर काकांची नोकरी गेली असती, अन् आमी रस्त्यावर.

म्हणून क्वार्टरचा इन्स्पेक्टर फाईल घेऊन सडकेवर दिसला की बाबा मागच्या दारानं निघत. अंगणाच्या भिंतीवरून पलीकडे उडी, गल्लीत उभे. अन् घरात आमी सारे रामटेके. माय रामटेकेची बायको, आमी रामटेकेचे पोरं. बाबूजी कौन है, असं विचारलं की काकांकडं बोट दाखवायचं, हे मले अन् बेबीले पढवून ठेवलं होतं. मी दाखवलं. दोनदा तरी पक्कं आठवते. भिंत पाच फुटाची. त्या बाजूले सारं ऐकू जाये.

सु. आधी हसली. मंग हसणं थांबलं. आईंनी कसं केलं असेल हो, म्हणे. अन् त्यांना सांगू नका, बीपी आहे.

हेही लिहून ठेवतो. काका बौद्ध, आमी कुणबी. माही आजी गावाहून आली की त्या घरचं पाणी पीत नसे, पोहे फडक्यात बांधून आणे अन् शेजारच्या नळावर भिजवे. माय तिले काही बोलली नाही अन् एका शेगडीवर अकरा वर्षं दोघांसाठी रांधत राहिली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सु.च्या तोंडात तीळ भिजत नाही, तो आजच्या दिवशीही भिजला नाही. तिळगूळ देता देता मायले सारं सांगून मोकळी.

मायनं तिळगूळ वाटीत परत ठेवला. त्र्याऐंशीची आहे, आमाले भेव वाटलं. मंग मले हाक मारली. फोटोत कोण कोण आहे, विचारलं. सांगतलं. तुहा बा आहे का, म्हणे. म्हटलं, नाही. गुरुवारी मले घेऊन चल, म्हणे. बीपी पाहिला, एकशे चाळीस. जायले हरकत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

ऑटो केला. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. रस्ताभर काय बोलायचं ते घोकून राहिली होती: हे मी आहो, माह्यं नाव मैनाबाई कापगते, तो माणूस माहा नवरा नाही.

फाटकाशी टेबल, रजिस्टर, खुशबू. दादी, नाम? "मैनाबाई." पति का नाम?

मायनं पदर पुढं ओढला. माह्याकडं पाहिलं. जराशी थांबली. अन् खाली मान घालून हळूच म्हणे, "रामटेके."



तिची चूक नाही. हे थांबणं तिनं कमावलेलं आहे. पहिल्या खेपेले आलेला इन्स्पेक्टर नागपूरकडचा निघाला. त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं अन् मायनं फाडकन सांगून टाकलं, काकांच्या बापाच्या नावासकट. तो हसला. म्हणे, काय बाई, आपल्याकडच्या बाया नवऱ्याचं नाव अशा सपाट्यानं कधीपासून घ्यायले लागल्या? लिहिलं काही नाही, फाईल मिटून गेला, पण महिनाभर आमच्या घरी कोणाले जेवण गोड लागलं नाही. परक्याचं नाव होतं, जिभेले अडायचं काही कारण नव्हतं, तिथंच फसली. मंग काकांनी अन् बाबांनी तिले शिकवलं. पदर ओढायचा, पोराकडं पाहायचं, लाजायचं, मंग सांगायचं. बाबाचं नाव तर तिनं आजवर घेतलंच नाही. रेशन कार्ड असो का दवाखाना, विचारलं की माह्याकडं पाहते, मी सांगतो.

पुढचं ऐका. खुशबूची खुर्ची मागं पडली. फोटोवाली दादी, फोटोवाली दादी करून पाया पडली, सेक्रेटरीले फोन लावला, व्हिडिओ काढला. मी अरे थांब, अरे नाही म्हणेपर्यंत ठरूनही गेलं: २६ तारखेले श्रीमती रामटेके यांचा सत्कार, शाल अन् श्रीफळ.

माय फोटोपुढं थांबली नाही. सरळ मागच्या अंगणात गेली. भिंतीले नवं प्लास्टर केलेलं. तिनं हात लावून पाहिला. उंच केली का रे, विचारलं. म्हटलं, नाही, तेवढीच आहे.

घरी येऊन जेवली नाही. जीभच वळली रे, म्हणे. सांगाले गेली अन् तेच बोलली.

१९ जानेवारी, रविवार

समितीच्या सेक्रेटरीचा फोन. रिटायर ऑफिसर, आवाजात अजून केबिन आहे. माताजींना गाडी पाठवतो म्हणे. मी गाडी नको म्हटलं अन् खरं सांगतलं. इन्स्पेक्टर, भिंत, सारं.

तिकडं कागद चाळल्याचा आवाज. मंग म्हणे, रेकॉर्ड में तो रामटेके है. म्हटलं, रेकॉर्डसाठीच तर सारं केलं होतं. तो म्हणे, देखिए, विवाद है तो हम फोटो उतार देंगे, झंझट नहीं चाहिए. नाव बदलायचं असेल तर दोन्ही घरांनी मिळून लिहून द्या. दोन्ही नाही तर काहीच नाही.

काका जाऊन पंधरा वर्षं झाली, काकू त्याच्या आधी. एक पोरगी आहे, वंदनाताई. रेल्वेत होती, आता रिटायर, पावर हाउस भागात राहते. लग्नकार्यात दिसली तर बोलतो, एवढंच.

२१ जानेवारी, मंगळवार

वंदनाताईकडं गेलो. दारात तिनं जय भीम म्हटलं, मी नमस्कार म्हटलं. नंतर जिन्यात आठवलं, काकांले मी रोज जय भीम म्हणत होतो, ते ड्यूटीवरून आले की. कधी सुटलं ते समजलंच नाही.

मी सांगायच्या आधीच तिले माहीत होतं. ती दर गुरुवारी जाते. रजिस्टरमध्ये नाव लिहिते, फोटोपुढं उभी राहते, परत येते. खुशबूले ती कोण हे आजवर सांगतलं नाही.

तिचं बोलणं जसं आठवते तसं. बाबा सुट्टीत गावी येत, चार दिवस. त्यातले दोन वावरात जात. हसताना मी त्यांले पाहिलंच नाही. आमच्या घरी त्यांचा एकच फोटो, नोकरीच्या कार्डावरचा. हसून राहिले ते इथं, अन् कडेवर तुमची बहीण आहे.

मी फोटो उतरण्याचं सांगतलं. तिचा चेहरा बदलला. राहू द्या ना मंग तसंच, म्हणे. माही आई त्या क्वार्टरात एक दिवस राहिली नाही. पत्नी एवढा एक शब्द तर तिच्या वाट्याले आला आहे तिथं, वर चेहरा कोणाचाही असो.

मी म्हटलं, चेहरा माह्या मायचा आहे.

तेव्हा तिनं विचारलं. "खरं सांगा भाऊ. तुमाले रामटेके हे नाव अंगावर नको, म्हणून चाललं का हे?"

मी नाही म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं. चहा तसाच राहिला अन् मी उठलो.

आता वहीत खोटं कशाले लिहू. माह्या मनात ते एक टक्काही नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. १२ तारखेले त्या पाटीवर नाव वाचलं तेव्हा आधी काय टोचलं, ते मले नीट सांगता येत नाही. लाज वाटते. ज्या माणसानं डोक्यावर छप्पर देल्लं त्याच्या नावाची.

२२ जानेवारी, बुधवार

मायले सारं सांगतलं, वंदनाताईचा प्रश्नही. माय म्हणे, तिनं बरोबर विचारलं. मी असती तर मीही विचारलं असतं. तिले घरी घेऊन ये, जेवाले.

फोन मलेच करावा लागला. दोन वेळा काटला, तिसऱ्यांदा उचलला. येते म्हणे.

२४ जानेवारी, शुक्रवार

आजचं मोठं आहे.

वंदनाताई अकरा वाजता आली. मायनं स्वतः भाकरी थापल्या, सु.ले बाजूले केलं. काकांले आवडे तसं वांग्याचं भरीत, लसूण जास्त. वंदनाताई पहिल्या घासाले थांबली. म्हणे, बाबा गावी आले की आईच्या भरताले नाक मुरडत, लसूण कमी आहे म्हणत. आता समजलं कोणाच्या हातचं खात होते. माय हसली. मले हायसं वाटलं.

जेवण झाल्यावर माय बोलली. 

आमी सारे आजवर असंच समजत आलो की हा फोटो काढायले आलेला फोटोवाला खांद्यावर बॅग अन् गळ्यात कार्ड घेऊन आला, अन् माय त्याले क्वार्टरचा इन्स्पेक्टर समजली, म्हणून रामटेके म्हणून बसली. बाबा सवयीनं भिंतीपलीकडे गेले. घरात एवढंच माहीत.

माय म्हणे, तसं नाही.

"फोटोवाल्यानं पहिलंच सांगतलं, बाई, मी क्वार्टरवाला नाही, कंपनीच्या पेपरातला आहो. घरच्या सगळ्यायले बोलवा. रामटेके भाऊजीही म्हणे, वहिनी, कापगतेले आवाज द्या. मले समजलं होतं सारं. पण मी मनात म्हटलं, भिंतीवरून माणूस उतरताना पाहिला तर हा हजार गोष्टी इचारन, अन् फोटो राहून जाईन. मले फोटो पाहिजे होता. लग्नातबी नव्हता काढला. मी म्हटलं, आमी एवढेच आहो. तुहा बा तिकडं उन्हात उभा. त्यानं ऐकलं."

मी विचारलं, बाबा मंग काय म्हणाले?

"रात्री जेवताना इचारलं, चांगला आला असन का? मी म्हटलं, काय माहीत. झालं. चाळीस वर्षं जगला त्याच्यानंतर, एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं."

मंग वंदनाताईचा हात धरला. "पोरी, मले माह्यं नाव नाही लावायचं तिथं. तुह्या बाचं काढायचंबी नाही. मले याच्या बाचं नाव लावायचं आहे. तो त्या घरात होता."

वंदनाताई रडली. मीही रडलो, लिहून ठेवतो. सु. उठून भांडी घासायले गेली, ती रडायची असली की भांडी घासते.

जाताना वंदनाताईनं अट घातली. काकांचं नाव सगळ्यात आधी. माय म्हणे, मंग काय, क्वार्टर त्याचंच ना. मी म्हटलं, पण मंग काकांनी नियम मोडला हे सारं उघडं होईन. वंदनाताई चप्पल घालून राहिली होती. म्हणे, घर देल्लं त्यांनी, चोरी नाही केली. लिहा.

२६ जानेवारी, रविवार

झेंडा टीव्हीवर पाहिला. सत्काराले गेलो नाही. शाल दुसऱ्या कोणा माताजींले देल्ली म्हणते खुशबू. बेबीचा गोंदियाहून फोन, तिले फोटो पाठवला होता. म्हणे, मी किती गुबगुबीत होती. बाकी काही नाही. तिचं बरं आहे, सव्वा वर्षाची होती.

२ फेब्रुवारी, रविवार

अर्ज लिहायले बसलो. मी, वंदनाताई, माय. समितीचा नियम आहे की फोटोतलं जे माणूस हयात आहे त्याचा जबाब मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, म्हणून क्वार्टर बंद करून खुशबू संध्याकाळी आली. मी हयात आहो, पण मी तेव्हा सहा वर्षांचा. जबाब मायचा.

खुशबू चांगली पोट्टी आहे. हळूहळू विचारत गेली. माय तिच्या मोडक्या हिंदीत सांगत गेली, अडलं तिथं मराठी. रामटेके भाऊजी. त्यांची पुढची खोली, आमची मागची खोली. डबे. इन्स्पेक्टर. फोटोचा दिवस. कुठंच अडखळली नाही.

मंग खुशबूनं विचारलं, और दादी, जो फोटो में नहीं हैं, दादाजी, उनका नाम?

मायनं माह्याकडं पाहिलं. मी सवयीनं तोंड उघडलं. तिनं हात वर केला, थांब म्हणून.

पदराले हात लावला नाही. मोबाईलकडं पाहून म्हणे, "श्रावण. श्रावण डोमाजी कापगते."

सु. स्वयंपाकघराच्या दारात होती, तिथंच उभी राहिली. तेरा वर्षं झाली बाबाले जाऊन. लग्नाले पासष्ट होऊन गेली. जन्मात पहिल्यांदा ऐकलं मी हे नाव तिच्या तोंडून. आवाज वेगळाच होता, जसा काही ती त्यांले मागच्या दारातून हाक मारून राहिली.

खुशबूले काय झालं ते समजलंच नाही. डोमाजी में ड ही ना, विचारलं. म्हटलं, हो बाई, ड.

मंग पाटीचा मजकूर. मी लिहिला तो कोणालेच पसंत पडला नाही, म्हणे शिफ्ट रिपोर्ट वाटते. वंदनाताईचा लांबला. शेवटी मायनं सांगतला तसा:

पायरीवर: सदाशिव रामटेके, क्वार्टर यांचं. मैनाबाई कापगते. अरुण, बेबी.
गावी: शेवंताबाई रामटेके, वंदना.
भिंतीमागे: श्रावण डोमाजी कापगते.

दोघांनी सह्या केल्या. मायनं अंगठा नाही, सही केली, मोठ्या अक्षरात, प्रौढांच्या वर्गात शिकलेली. खुशबूनं हिंदी करून घेतलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज देऊन आलो. सेक्रेटरीनं दोनदा वाचला, चष्मा काढून पुन्हा. म्हणे, फोटो में चार लोग हैं, कैप्शन में सात. म्हटलं, हो, सातच होते. म्हणे, दीवार के पीछे, ये क्या होता है, जो दिखता नहीं उसका कैप्शन कैसे लगेगा? म्हटलं, साहेब, पासष्ट टनाची क्रेन चालते तेव्हा खालचा फाउंडेशन बोल्ट कोणाले दिसते? तो हसला नाही. फिटरची गोष्ट ऑफिसरले कधी समजली.

समितीसमोर ठेवतो म्हणे. समितीत नऊ जण. काहींचं म्हणणं पडेल की यानं घराची बदनामी होते, नियम मोडणारं घर आदर्श म्हणून कसं दाखवायचं. मी काही वचन देत नाही, म्हणे. मंग दारापर्यंत आला. हळूच म्हणे, हमारे यहाँ भी एक परिवार रहता था, पीछे के कमरे में, चार साल. एवढंच बोलला अन् आत गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

माय रोज विचारते, लावलं का. रोज सांगतो, नाही. तिले वाटते पेंटर बोलावला की झालं. समिती काय असते हे तिले समजावून सांगता सांगता दुपार गेली.

रेकॉर्डिंगची फाईल खुशबूनं मले पाठवली. मी एकदाच ऐकली, नावापर्यंत. बाबांनी ऐकलं असतं तर काय केलं असतं, विचार केला. काही नसतं केलं. पान खायले बाहेर गेले असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गुडघा दुखते, गेलो नाही. वंदनाताई जाऊन आली. फोटो जागेवर, जुनीच पाटी. तिनं खुशबूले आता आपलं नाव सांगतलं. खुशबू तिच्याही पाया पडली. वंदनाताई फोनवर सांगून राहिली होती, हसत होती. मायले फोन देल्ला, दोघी अर्धा तास बोलल्या. लसणावर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी वंदनाताईचा फोन, लवकर या. आवाज बरोबर नव्हता. स्कूटर काढली.

फोटो नाही. भिंत रिकामी, फोटोच्या मापाचा चुना जरा पांढरा. चार खिळे.

खुशबूले विचारलं. ती रविवारी आली तेव्हा होता, आज उघडलं तर नाही. समितीची मीटिंग मंगळवारी झाली, काय ठरलं तिले कोणी सांगतलं नाही. नवी पाटी चिकटवायले नेला असेल, नाहीतर उतरवला असेल. सेक्रेटरी फोन उचलत नाही, मी तीनदा लावला. बाहेरगावी आहे म्हणते एक जण.

वंदनाताई भिंतीपुढं उभी होती. माह्यामुळं झालं हे, म्हटलं मी, तुमचे बाबा तुमाले इथं भेटत होते, मी अर्ज केला नसता तर... ती म्हणे, सही मीही केली आहे. पण माह्याकडं पाहिलं नाही. जरा वेळानं मागच्या अंगणात गेली. मीही गेलो. भिंत किती उंच आहे ते तिनं हातानं मोजून पाहिलं. तुमचे बाबा बुटके होते ना, म्हणे. कसे चढत असतीन?

म्हटलं, बादली पालथी घालून. मीच ठेवत होतो.

दोघंही फाटकापर्यंत सोबत आलो. तिनं जय भीम म्हटलं, मीही म्हटलं.

घरी येऊन मायले सांगायचं का नाही, यावर सु.शी भांडण झालं. शेवटी सांगतलं. फोटो उतरवला, पुढं काय ते माहीत नाही, आस ठेवू नको.

मायनं विचारलं, खिळे आहेत का?

म्हटलं, आहेत. चार.

"खिळे काढले नाहीत म्हणजे लावतीन," म्हणे.

मी जन्मभर फिटर. काम संपलं की लोकं खिळे काढायचे विसरून जातात, हे माह्याएवढं कोणाले माहीत. मी म्हटलं, हाव माय, लावतीन.